म्हाळगींचा मतदारसंघ आणि पाचवी निष्ठा

१९७७ च्या मार्चमध्ये जनता पक्षाने ठाणे लोकसभा मतदारसंघात उभा केलेला उमेदवार ठाण्याचा नव्हता. रामचंद्र काशिनाथ म्हाळगी, सगळ्यांचे रामभाऊ, मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कडूसचे. पेशाने वकील, संघाचे स्वयंसेवक आणि जनसंघाच्या अगदी सुरुवातीपासूनचे कार्यकर्ते. संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात, १९५७ साली, जनसंघाचे जे मोजके उमेदवार विधानसभेत पोचले त्यांत मावळचे रामभाऊ होते. पुढे ते पुण्यातून आमदार झाले. आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात राहिले. तिथून बाहेर आल्यावर ठाण्याची उमेदवारी त्यांच्याकडे आली. माणूस बाहेरचा, प्रचाराला दिवस थोडे आणि मतदारसंघ ठाण्याच्या खाडीपासून डोंबिवली, कल्याण, उल्हासनगरच्या पुढपर्यंत पसरलेला. लोकांनी त्यांना निवडून दिले. तीन वर्षांनी, जानेवारी १९८० मध्ये, इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि जनता पक्षाची देशभर दाणादाण उडाली. तेव्हाही या मतदारसंघाने रामभाऊंनाच परत लोकसभेत पाठवले.

पहिल्या विजयाचे श्रेय आणीबाणीविरुद्धच्या रागाला देता येईल. दुसऱ्याचे देता येत नाही, कारण वारे उलटे फिरले होते. रामभाऊंनी आमदार असल्यापासून एक रीत पाळली होती. सभागृहात आपण काय केले, लोकांच्या कोणत्या कामांसाठी झटलो, याचा लेखी अहवाल ते दरवर्षी छापून मतदारांपुढे ठेवत. असा अहवाल द्यावा असे कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. आजही सांगितलेले नाही. विधानसभेत प्रश्न विचारण्यात तर त्यांची बरोबरी करणारे सदस्य थोडेच होते. आपण लोकांचे प्रतिनिधी आहोत, म्हणजे लोकांना हिशेब देणे लागतो, हे त्यांनी भाषणात सांगण्यापेक्षा कागदावर करून दाखवले.

भारतीय जनता पक्ष आपल्या तत्त्वांना जागतो का, हा प्रश्न दिल्लीच्या अंगाने पुष्कळदा विचारला जातो आणि त्याची उत्तरे विचारणाऱ्याच्या आवडीनिवडीवर ठरतात. मला तो रामभाऊंच्या मतदारसंघातून विचारायचा आहे. इथे माप बाहेरून आणावे लागत नाही. ते पक्षाच्याच माणसाने घालून दिले आहे.

*

रामभाऊ आले तेव्हा जमीन तयार होती, हेही सांगितले पाहिजे. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांत जनसंघाला पाठिंबा होता. गिरगाव-दादरची जागा परवडेना म्हणून रेल्वेच्या कडेने सरकत डोंबिवली-कल्याणला आलेला मराठी मध्यमवर्ग होता. त्याच्यात संघाच्या शाखा होत्या, वाचनालये होती, व्याख्यानमाला होत्या. डोंबिवली ही स्वतंत्र नगरपालिका असताना तिचे नगराध्यक्ष झालेले आबासाहेब पटवारी याच मुशीतले. पुढे १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा गणेश मंदिरातून निघाली ती त्यांच्याच पुढाकाराने. १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँक, १९७२ साली ठाणे जनता सहकारी बँक आणि १९७३ साली कल्याण जनता सहकारी बँक उभी राहिली. या तिन्ही बँकांच्या मुळाशी याच विचाराची माणसे होती. पगारदार माणसाला कर्ज मिळेना, लहान दुकानदाराला बँक दारात उभी करीना, अशा काळात लोकांनी आपली ठेव कार्यकर्त्यांच्या भरवशावर ठेवली. सार्वजनिक पैशाला हात लावायचा नाही, ही त्या पिढीची साधी शिकवण होती.

ठाणे शहराची गोष्ट वेगळी होती. स्थापनेला सव्वा वर्ष होते न होते तोच, १९६७ च्या ऑगस्टमध्ये, शिवसेनेने ठाण्याची नगरपालिका जिंकली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. सेनेला महाराष्ट्रात मिळालेली ती पहिली सत्ता. नौपाड्यातला जो मध्यमवर्ग एरवी जनसंघाकडे गेला असता, त्यातला मोठा भाग सेनेकडे गेला. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा शिवसेनेने तिला पाठिंबा दिला आणि जनसंघाची माणसे तुरुंगात गेली. ही नोंद पुढच्या घडामोडींसाठी लक्षात ठेवावी.

*

जनता पक्ष फुटला तो दुहेरी सदस्यत्वाच्या वादात. संघाचे स्वयंसेवक राहून पक्षाचे पदाधिकारी राहता येणार नाही, असा आग्रह समाजवादी गटाने धरला. ६ एप्रिल १९८० ला भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली आणि अटलबिहारी वाजपेयी अध्यक्ष झाले. ठाण्याचे खासदार रामभाऊ ओघानेच नव्या पक्षात आले. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत, वांद्रे रेक्लमेशनवर उभारलेल्या समतानगरात पक्षाचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन झाले. न्यायमूर्ती एम. सी. छागला पाहुणे म्हणून आले होते.

नव्या पक्षाने स्वतःला पाच निष्ठांनी बांधून घेतले. राष्ट्रवाद आणि राष्ट्रीय एकात्मता, लोकशाही, सकारात्मक सर्वधर्मसमभाव, गांधीवादी समाजवाद आणि मूल्याधिष्ठित राजकारण. चौथ्या निष्ठेवरून पक्षातच वाद झाला. विजयाराजे शिंदे यांनी गांधीवादी समाजवादाला लेखी विरोध नोंदवला आणि त्याची उघड चर्चा झाली. तत्त्वावरून अध्यक्षांशी मतभेद नोंदवता येतात आणि नोंदवणारा पक्षात मानानेच राहतो, हे त्या काळाचे लक्षण होते. पाचव्या निष्ठेवर मात्र कोणी वाद घातला नाही. सत्तेसाठी वाटेल ते करायचे नाही, याबद्दल तिथे दुमत असण्याचे कारणच नव्हते.

कारण जनसंघाची शिकवणच तशी होती. राजस्थानात जनसंघाचे पहिले आमदार निवडून आले ते आठ. जहागिरदारी रद्द करण्याला त्यांतल्या बहुतेकांनी विरोध केला. पक्षाने जहागिरदारी नष्ट करण्याचे वचन दिले होते, म्हणून पक्षाने त्या आमदारांवर पाणी सोडले. भैरोसिंह शेखावत पक्षाबरोबर राहिले. दीनदयाळ उपाध्यायांनी १९६१ च्या अखेरीस, तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, याहून कडक विचार मांडला: उमेदवार वाईट असेल तर तो चांगल्या पक्षाचा आहे एवढ्यावर त्याला मत मागण्याचा हक्क नाही, पक्षाची निवड चुकली तर मतदाराने ती दुरुस्त करावी. आपल्याच पक्षाचा उमेदवार पाडण्याची मुभा मतदाराला देणारा दुसरा नेता मला तरी आठवत नाही.

*

६ मार्च १९८२ ला खासदार असतानाच रामभाऊंचे निधन झाले. पोटनिवडणुकीत भाजपने डोंबिवलीकडचे जगन्नाथ पाटील यांना उमेदवारी दिली आणि ते जिंकले. या निवडीकडे मी विशेष लक्ष वेधतो. जनसंघाला ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ म्हणून हिणवले जायचे आणि ते अगदीच खोटे नव्हते. पाटील आगरी समाजातले. ज्यांच्या शेतांवर डोंबिवली-कल्याणच्या इमारती उभ्या राहत होत्या त्या भूमिपुत्रांपैकी. त्यांनी पक्षात पायरी पायरीने काम केले होते. एखाद्या समाजात पक्ष विस्तारायचा तर त्यातल्या माणसाला विचारात वाढवायचे, मग पुढे आणायचे, ही पद्धत इथे दिसते. नंतरच्या काळात विस्ताराच्या नावाखाली जे झाले त्याची तुलना मी याच्याशी करणार आहे.

१९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसचे शांताराम घोलप ठाण्यातून निवडून आले. देशभरात भाजपला तेव्हा दोनच जागा मिळाल्या. पण कल्याण विधानसभा मतदारसंघ प्रा. राम कापसे यांनी राखला होता. १९७८ पासून ते आमदार होते. मराठीचे प्राध्यापक, वक्ते, कल्याणकरांच्या घरातले. १९८९ ला आणि पुन्हा १९९१ ला ते ठाण्याचे खासदार झाले. रामभाऊंची गादी योग्य माणसाकडे आली, असे तेव्हा लोक म्हणत.

पण १९८९ सालीच शिवसेनेशी युती झाली होती. प्रमोद महाजनांनी ती घडवली. आणीबाणीला पाठिंबा देणाऱ्या पक्षाशी आणीबाणीत तुरुंग भोगलेल्या पक्षाची युती, हा पहिला मोठा वळसा. हिंदुत्वाचा धागा समान आहे, हे त्याचे समर्थन होते आणि त्यात तथ्य होते. युती करणे म्हणजे तत्त्व सोडणे असे मी मानत नाही. जनसंघही संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्टांच्या शेजारी बसला होता. मात्र युतीत जागावाटप असते आणि जागावाटपात माणसाची लायकी शेवटी येते. १९९६ साली हे ठाण्यात उघड झाले. ठाणे आमचा बालेकिल्ला, खासदार आमचाच हवा, असा हट्ट शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी धरला. भाजपच्या वरच्या नेत्यांनी तो मान्य केला. दोनदा निवडून आलेल्या, कसलाही ठपका नसलेल्या खासदाराची जागा मित्रपक्षाला देऊन टाकली गेली. प्रकाश परांजपे खासदार झाले आणि सलग चार निवडणुका जिंकले. रामभाऊंचा मतदारसंघ भाजपकडे त्यानंतर आजतागायत परतलेला नाही. २०२४ साली पक्षाने पुन्हा हक्क सांगितला, तेव्हाही तो एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडे गेला आणि नरेश म्हस्के निवडून आले.

कापसे सरांनी बंड केले नाही. अपक्ष उभे राहिले असते तर त्यांना मते मिळाली असती, हे कल्याणात कोणीही सांगेल. ते पक्षातच राहिले. पुढे अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले आणि २००४ च्या त्सुनामीचा तडाखा त्यांच्याच कारकिर्दीत त्या बेटांना बसला. २०१५ साली ते गेले. पाचव्या निष्ठेचा अर्थ कोणी विचारला तर १९९६ चे कापसे दाखवावेत. पण त्यांनी दाखवलेल्या संयमातून पक्षाने काय शिकावे आणि काय शिकला, यात मोठे अंतर पडले. निष्ठावंत माणूस कुठे जात नाही, त्याला गृहीत धरता येते. जो जाऊ शकतो त्याचेच मन राखावे लागते, असा हिशेब जिल्ह्यात हळूहळू पक्का झाला. माझ्या मते ठाणे जिल्ह्यातल्या भाजपचा कल तिथे बदलला, २०१४ साली नव्हे.

*

रामभाऊंच्या नावाने १९८२ सालीच प्रबोधिनी स्थापन झाली. लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी अशी संस्था आपल्याकडे दुसरी सहज सापडणार नाही. भाईंदरजवळ उत्तनच्या केशवसृष्टीत तिची वास्तू आहे आणि वेगवेगळ्या पक्षांचे, वेगवेगळ्या राज्यांचे लोक तिथे शिकून गेले आहेत. ठाण्यात नौपाड्याच्या सरस्वती शाळेच्या पटांगणावर दर जानेवारीत रामभाऊ म्हाळगी स्मृती व्याख्यानमाला भरते. आमदार संजय केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे टिकवली आहे. हे सगळे खरे आणि मोलाचे काम आहे. स्मरण राहिले आहे, शिक्षणाची सोय राहिली आहे. प्रश्न उमेदवारी वाटणाऱ्या बैठकीचा आहे.

त्या बैठकीत काय बदलले, ते समजायला उल्हासनगर पुरे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोपीनाथ मुंडे विरोधी पक्षनेते होते. राजकारणाच्या गुन्हेगारीकरणाविरुद्ध त्यांनी रान उठवले, १९९४ साली संघर्षयात्रा काढली, आणि त्या आरोपपत्रात जी नावे वारंवार यायची त्यांत उल्हासनगरचे पप्पू कलानी होते. १९९५ च्या सत्तांतराला त्या मोहिमेचा मोठा हातभार लागला. २००९ साली भाजपच्या कुमार आयलानींनी कलानींचा पराभव केला. २०१३ मध्ये कल्याणच्या सत्र न्यायालयाने एका जुन्या खून खटल्यात पप्पू कलानींना जन्मठेप सुनावली. इथपर्यंतची कथा पक्षाने अभिमानाने सांगावी अशी आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत मात्र पप्पूंचे चिरंजीव ओमी यांच्या गटाला भाजपने आपल्या कमळावर उभे केले. पुढच्याच वर्षी ओमींच्या पत्नी पंचम कलानी भाजपच्या महापौर झाल्या. वडिलांच्या गुन्ह्याचे ओझे मुला-सुनेवर टाकू नये, हे मी मानतो. पण भाजपने त्या घराकडे काही अन्यायाची भरपाई म्हणून पाहिले नव्हते. त्या घराच्या मतांसाठी पाहिले होते. २०२४ च्या विधानसभेत ओमी शरद पवारांच्या पक्षातर्फे भाजपच्याच आयलानींविरुद्ध उभे होते. ज्या मतांसाठी मुंड्यांचा लढा गहाण टाकला, ती मतेही मुक्कामाला राहिली नाहीत.

जिल्ह्याच्या बाकी भागात हेच चित्र होते. भिवंडीचे कपिल पाटील राष्ट्रवादीतून २०१४ च्या लोकसभेआधी आले, खासदार झाले, केंद्रात राज्यमंत्री झाले. मुरबाडचे किसन कथोरे त्याच वर्षी राष्ट्रवादीतून आले. शिवसेना आणि राष्ट्रवादी असा प्रवास केलेले गणेश नाईक २०१९ साली आले. यांतल्या कोणाच्या कामाबद्दल मला इथे बोलायचे नाही; काहींचे काम चांगले आहे. मुद्दा असा की जगन्नाथ पाटलांना वाढवायला जी वर्षे लागली ती वर्षे द्यायची पक्षाची तयारी उरली नव्हती. दुसऱ्याच्या वाडीतले फळ धरलेले झाड मुळासकट उपटून आपल्या अंगणात लावले, तर एका हंगामाचे फळ मिळते. माती कोणाची हे त्या झाडाला माहीत असते.

कल्याण पूर्वेचे गणपत गायकवाड २००९ आणि २०१४ ला अपक्ष निवडून आले होते. २०१९ ला ते भाजपचे उमेदवार झाले. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, त्यांनी शिंदे गटाचे माजी नगरसेवक महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. वाद जमिनीचा होता. जखमी वाचले. गायकवाडांनी स्वतः वृत्तवाहिनीशी बोलताना गोळीबार केल्याचे सांगितले आणि स्वसंरक्षणाचे कारण दिले. त्याचा निवाडा न्यायालय करील. पक्षाचा निवाडा मात्र नऊ महिन्यांत झाला. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत कल्याण पूर्वेची उमेदवारी गायकवाडांच्या पत्नी सुलभा यांना देण्यात आली आणि त्या निवडून आल्या. राज्यात गृहखाते भाजपकडे असताना, पोलीस ठाण्यातल्या गोळीबारानंतर पक्षाकडे दुसरा उमेदवार नव्हता? ज्या कल्याणातून राम कापसे निवडून जात, तिथे पक्षासाठी घर झिजवलेला एकही माणूस लायक निघाला नाही? हा प्रश्न मी विरोधक म्हणून विचारत नाही. वर सांगितलेली दीनदयाळजींची कसोटी लावून विचारतो.

*

आता महापालिकेकडे येऊ, कारण माणसाचा राज्यसंस्थेशी रोजचा संबंध तिथे येतो. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती, ठाण्याची अठरा लाखांवर. आज ती कितीतरी वाढली असणार, हे सकाळच्या साडेआठच्या लोकलला विचारावे. नोव्हेंबर २०१५ च्या निवडणुकीत राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिवसेना इथे एकमेकांविरुद्ध लढले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कल्याण-डोंबिवलीसाठी ६,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. १२२ पैकी शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या आणि दोघांनी मिळून सत्ता वाटून घेतली. त्या ६,५०० कोटींचे काय झाले, हे लोक पुढे वर्षानुवर्षे विचारत राहिले. नेमका इथे रामभाऊंचा अहवाल आठवतो. एवढ्या रकमेपैकी किती आली, कुठे लागली, किती राहिली, हे चार पानांवर छापून घरोघर वाटायला कितीसा खर्च आला असता?

नोव्हेंबर २०२० मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. आधी कोविड, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे घोळ, यांत निवडणूक पाच वर्षे लांबली. ठाणे महापालिकेतही मार्च २०२२ पासून प्रशासक होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले तेव्हा कुठे हालचाल झाली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. या मधल्या काळात राज्यात सगळ्याच प्रमुख पक्षांची सरकारे येऊन गेली, त्यामुळे दोष एकट्या भाजपचा नाही. पण पाच निष्ठांत लोकशाहीचा क्रमांक दुसरा होता. आणीबाणीत दीड वर्षावर तुरुंगात काढणाऱ्यांच्या पक्षाने, लाखो लोकांच्या शहरात पाच वर्षे एकही नगरसेवक नाही, याबद्दल रस्त्यावर यायला हवे होते. ते झाले नाही.

या पोकळीत पक्षांतराला मोकळे रान मिळाले. निवडून आलेल्या नगरसेवकाने पक्ष सोडला तर १९८६ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याने त्याचे पद जाऊ शकते. सभागृहच नसेल तर पद नाही आणि पद नसेल तर अपात्रताही नाही. माजी नगरसेवकांचे घाऊक प्रवेश सुरू झाले. शिंदेंच्या शिवसेनेने भाजपची माणसे घेतली, भाजपने शिवसेनेची. डोंबिवलीचे आमदार रवींद्र चव्हाण जुलै २०२५ मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, आणि त्यांच्याच गावातल्या या ओढाताणीवरून नोव्हेंबर २०२५ मध्ये शिवसेनेच्या मंत्र्यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीकडे पाठ फिरवली. फोडाफोडीची सुरुवात तुम्हीच उल्हासनगरात केली, असे मुख्यमंत्र्यांनी त्यांना सुनावल्याच्या बातम्या आल्या. भांडण कोणी आधी फोडले यावर होते. फोडणे गैर आहे, यावर कोणीही बोलले नाही. पुढे प्रत्यक्ष निवडणुकीत दोन्ही पक्ष युतीत आले आणि कल्याण-डोंबिवलीत वीसच्या आसपास जागांवर मतदान होण्याआधीच त्यांचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. पाच वर्षे वाट पाहिलेल्या त्या प्रभागांतल्या मतदाराला बोटाला शाईसुद्धा लागली नाही.

शेजारच्या अंबरनाथ नगरपरिषदेत त्याच जानेवारीत भाजपने मित्रपक्ष शिवसेनेला बाजूला ठेवण्यासाठी काँग्रेसच्या नगरसेवकांशी आघाडी केली. अशी आघाडी मान्य नाही, असे मुख्यमंत्री फडणवीस जाहीरपणे म्हणाले. काँग्रेसने आपल्या बाराही नगरसेवकांना निलंबित केले. ते बारा जण मग भाजपमध्ये दाखल झाले.

*

पक्षाच्या बाजूने एक उत्तर आहे आणि ते पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे. कलम ३७० जाईल, असे जनसंघ जन्मापासून म्हणत आला. ते ५ ऑगस्ट २०१९ ला गेले. अयोध्येत मंदिर होईल असे भाजपने सांगितले. २२ जानेवारी २०२४ ला तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. ही कामे कोणाला पटोत वा न पटोत, ती जाहीरनाम्यात दशकानुदशके होती आणि पक्षाने ती केली. दिलेल्या शब्दाला जागणे यालाच तत्त्वनिष्ठा म्हणतात, आणि त्यासाठी संसदेत बहुमत लागते, बहुमतासाठी प्रत्येक जिल्ह्यात जागा लागतात. कापसेंची जागा गेली, कलानींचा गट घेतला, गायकवाडांच्या घरात उमेदवारी दिली, ते या मोठ्या कामासाठी, असे डोंबिवलीतला जुना स्वयंसेवक जड मनाने का होईना, पण सांगतो. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही.

मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. पक्षाने १९८० साली दोन प्रकारची वचने दिली होती. आम्ही काय करू, हे एक. आम्ही कसे वागू, हे दुसरे. पहिल्या प्रकारातले बरेच पाळले गेले. दुसऱ्या प्रकारातले वचन होते पाचव्या निष्ठेचे, आणि ते ठाणे जिल्ह्यात पाळले गेलेले नाही. पहिल्यासाठी दुसरे सोडावे लागते, हा युक्तिवाद १९५२ च्या राजस्थानातही करता आला असता. आठच आमदार असलेल्या पक्षाने तो केला नाही. वाजपेयींचे सरकार १७ एप्रिल १९९९ ला एका मताने पडले, तेव्हाही ते एक मत विकत घेता आले असते. आज देशातला सर्वांत मोठा पक्ष झाल्यावर, शाखा आणि मंडल पातळीपर्यंत कार्यकर्ते असताना, नगरपालिकेतल्या बारा जणांची गरज भासते, तर ती गरज संख्येची उरलेली नाही. सवयीची झाली आहे.

आणि सवयी पक्षांना लागतात तशा शहरांनाही लागतात. उमेदवार कोणत्या पक्षात आहे हे निवडणुकीच्या आधल्या आठवड्यात विचारून घ्यायचे, हे आपण डोंबिवली-कल्याणकरांनीही अंगवळणी पाडून घेतले आहे. शिवसेनेबद्दल, मनसेबद्दल, काँग्रेस-राष्ट्रवादीबद्दल असाच लेख लिहिता येईल आणि तो याहून सौम्य होणार नाही. मी भाजप निवडला तो एवढ्यासाठी की पाच निष्ठा त्याने स्वतः लिहिल्या आणि रामभाऊंसारखा माणूस या मतदारसंघाला दिला.

कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात आता नवे नगरसेवक बसले आहेत. पक्ष कोणताही असो, आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला आणि आपल्या आमदाराला एक साधे पत्र लिहावे: वर्ष संपले की केलेल्या कामाचा, विचारलेल्या प्रश्नांचा आणि खर्च झालेल्या निधीचा लेखी अहवाल आमच्या सोसायटीच्या फलकावर लागला पाहिजे. भाजपच्या नगरसेवकांनी यात पहिले असावे, कारण ही रीत त्यांच्या घरातली आहे. जो अहवाल देणार नाही त्याला पुढच्या खेपेला मत देऊ नये, चिन्ह कोणतेही असले तरी.